बाबलचं गाऱ्हाणं आणि चिऱ्यांनी भरलेली होडी

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं.

"कबूल, सायबानू. भाव माझ्याचमुळे मेलो," बाबल आपल्या थोरल्या भावाबद्दल म्हणाला.

मी बाबलची वकील. 'कबूल नाही' हे दोन शब्द आदल्या दिवशी मी त्याच्याकडून पोपटासारखे घोकून घेतले होते. पोपट भर कोर्टात उलटला.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आमचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग म्हटलं की मालवणसमोरचा किल्ला, एवढंच. मी मुंबईहून एलएल.बी. होऊन आले होते आणि तिथल्या एका जुन्या वकिलांची, नानांची, ज्युनिअर होते. अख्ख्या कोर्टात बाई वकील मी एकटी. लोक मुद्दाम बघायला येत. मला वाटे, कीर्ती पसरली. वैशाखातही काळा कोट अंगावरून उतरत नसे. जेवायला बसताना आई ओरडली की मगच. त्या दिवशी नानांची कंबर धरली, म्हणून केस माझ्या हाती आली.

केस साधी होती. बाबल आणि थोरला भाऊ विठू, राहणार आचरा. घरासाठी चिरे, म्हणजे जांभ्याचे तासलेले ठोकळे, होडीतून आणत होते. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाबल पोहून काठाला लागला. विठू वर आलाच नाही. सुकाणू बाबलच्या हातात, म्हणून पोलिसांनी आरोप ठेवला: निष्काळजीपणाने मरणास कारण. यात मारायचा इरादा होता का, हे कोर्ट बघतच नाही. शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी घेतली का, एवढंच बघतं. कैद होऊ शकत होती. मागे म्हातारी आई, विठूची विधवा शेवंती आणि तिची पोरं. सगळी बाबलच्या एकट्याच्या हातांवर.

साहेब घाटावरचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यामुळे म्हणजे? होडी तुम्ही जास्त भरलीत?"

"होडयेचा न्हय, सायबानू. मी गाऱ्हाणा घातलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं. आमच्याकडे माणूस अन्याय झाला की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतो. गुरव त्याच्या वतीने देवाला सगळं सांगतो आणि दर वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' आमचं खरं दिवाणी कोर्ट तेच. तारखा पडत नाहीत.

"गडग्यावरच्या फणसावरना आमचा भांडाण," बाबल सांगत होता. गडगा म्हणजे दोघांच्या आवारांमधला दगडी बांध. "मी देवाक सांगलंय, जो माझा खाता तेका पाण्यात घाल. फणस पिकाच्या आदीच भाव पाण्यात गेलो. आता माका शिक्षा होयी."

कोर्टात कुणी हसलं नाही. हसणार कोण? निम्म्यांनी कुणा ना कुणाविरुद्ध नारळ ठेवलेला असणार.

मी उठले. संधी सोन्यासारखी होती. 'ॲक्टस रिअस', 'मेन्स रिया' अशा लॅटिनच्या लाह्या मी फोडल्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान. आता हेच आरोपीला कळेल असं सांगा."

लॅटिन येत होतं, मालवणी जन्मापासून येत होती. एकातून दुसरीत जायची वाट कॉलेजात शिकवली नव्हती. शेवटी साहेबच बोलले.

"बाबल, गुन्ह्याला हात लागतो आणि बहुतेक वेळा मनही लागतं. नुसत्या मनाला आम्ही शिक्षा देत नाही. तसं केलं तर बाहेर कोण उरेल? आरोप होडीचा आहे, कबुली मनाची आहे. ही कबुली मी घेत नाही. केस चालेल."

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी बाबलला धारेवर धरलं.

"तुला गाऱ्हाण्याबद्दल गप्प राहायला काय झालं होतं?"

"खोटा कसा बोलू, बाये?"

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे!"

"ता तुझ्या कोर्टात. देव इचारता तेवा काय सांगू?"

मी कोट झटकला.

दुपारी शेवंती पिंजऱ्यात आली, सरकारपक्षाची साक्षीदार म्हणून. चिरे भरले तेव्हा ती धक्क्यावर भाकरी घेऊन गेली होती. प्रॉसिक्यूटरने मोजकंच विचारलं. होडी काठोकाठ भरलेली? होय. सुकाणू कुणाकडे? बाबलकडे. तो बसला.

आता उलटतपासणी माझी. पुस्तकात पाठ केलेला नियम होता: उत्तर माहीत नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये. मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी मान उंच करून म्हणाले, "नो क्रॉस!" आणि पुढाऱ्यासारखी खाली बसले.

शेवंती तशीच उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. मला ते दिसलं नाही. मी लोक माझ्याकडे बघताहेत का ते बघत होते. साहेबांना दिसलं.

"बाई, आणखी काही सांगायचंय?"

"सांगाचा आसा." ती बाबलकडे न बघता बोलू लागली. "दोघा भावांचा बोलणा बंद, पण होडी येकच. जा काय बोलाचा ता माझ्याकडसून. बाबल माका म्हणालो, 'वयनी, तेका सांग, आता पुरे.' ह्यांनी सांगल्यानी, 'तेका म्हणा, भिता तर घराक जा.' बाबलान चिरे उतरवल्यान, ह्यांनी परत चडवल्यानी."

"मग बाबल होडीत चढला कशाला?"

"भाव येकटो जायत म्हणान."

साहेबांची लेखणी थांबली.

शेवंती आता बाबलकडे वळली. "आणि तू रे, खुळ्या! तुझ्याच गाऱ्हाण्यान ता झाला म्हणतंस? ह्यांनीय घातलेला, तुझ्या नावान. नारळ मीच सोलून दिलंय."

साहेब पुटपुटले, "क्रॉस केस." दोन्ही बाजूंनी एकमेकांवर फिर्याद केली की कोर्टात तिला असं म्हणतात. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. दोन भाऊ एकमेकांचं मरण मागत होते, आणि बुडणार हे दिसत असताना एकाने दुसऱ्याला एकटं सोडलं नव्हतं. हे बसवायला माझ्याकडे कलम नव्हतं.

निकाल लागला, बाबल निर्दोष. त्याने आवश्यक ती काळजी घेतली होती. ती मोडून काढणारा दुसराच होता. पण बाबल हलेना.

"आणि ता गाऱ्हाणा, सायबानू?"

साहेब उठता उठता थांबले. "त्या बाबतीत या कोर्टाला अधिकार नाही. जिथे दाखल केलंत तिथेच काढून घ्या. दोन्ही."

बाबलने हात जोडले. "व्हय म्हाराजा."

आणि मागच्या बाकांवरून, पट्टेवाल्यासकट, सगळं कोर्ट म्हणालं, "व्हय म्हाराजा!" शांतता पाळायला सांगायचं साहेबांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

पुढच्या सोमवारी आचऱ्याच्या देवळात मीही गेले होते, कोट घरी ठेवून. बाबलने आपला नारळ ठेवला, शेवंतीने नवऱ्याच्या वतीने दुसरा. गुरवाने दोन्ही गाऱ्हाणी मागे घेतली. पुढे त्या फणसाचे गरे दोन्ही घरांत जाऊ लागले.

नानांना मी सगळं सांगितलं. कंबर धरून ते म्हणाले, "केस जिंकलीस म्हणे?"

"साहेब जिंकले, नाना. मी नो क्रॉस म्हटलं."

"बरं केलंस. तू लॅटिनमध्ये विचारलं असतंस, तर तिने तुला काय उत्तर द्यायचं?"

त्यानंतर आयुष्यभर वकिली केली. पुस्तकातला तो नियम आजही खरा मानते. फक्त बसण्याआधी साक्षीदाराच्या पदराकडे एकदा बघून घेते.