सायखेड्यापुढचं स्वच्छ तळं

नंदाताईनं गुडघा बदलून घेतला तेव्हा डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "आजी, बऱ्या झाल्यावर सगळ्यात आधी कुठे जायचं?" बाकीचे पेशंट म्हणे वणी किंवा शिर्डी सांगतात. ताई म्हणाली, "चिखलात."

नंदाताई माझी मावसबहीण. सिन्नरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली. सायखेड्याच्या पुढे एका गावाबाहेर तळं आहे आणि त्या तळ्यावरच्या एका चतुरावर तिचा जीव आहे. लहानपणी आपण ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो, त्याच्याच जातकुळीतला. पण हा अगदी चिमुकला, अर्ध्या करंगळीएवढा. नर काळसर निळा, आणि चारही पंखांच्या टोकांना काजळाचं बोट टेकवल्यासारखा डाग. त्याला पाण्यातून वर आलेलं दाट गवत लागतं. ताईला तो भरवशानं सापडायचा तो याच तळ्यावर. आठ वर्षं दर ऑक्टोबरात ती तिथे जाऊन नर मोजत आली.

गेल्या वर्षी मीही सोबत गेलो होतो. तिला एकेचाळीस नर दिसले, मला डास दिसले. घरी येऊन मी याच ब्लॉगवर तळ्याची यथेच्छ टिंगल केली. "गावानं पाण्यावर गवताचं दुकान काढलंय, गिऱ्हाईक फक्त डास," हे माझं वाक्य लोकांना फार आवडलं. मलाही आवडलं होतं. गावाचं नावही ठळक अक्षरांत दिलं होतं. या वेळी देत नाही. का ते कळेलच.

ज्यांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी: इंदिरानगरहून सकाळी साडेसहाला निघालात तर संभाजीनगर रस्त्यानं चांदोरीपर्यंत पाऊण-एक तास. तिथे वळायचं आणि गोदावरीवरचा पूल ओलांडला की सायखेडा. पुलाजवळ पाणवेली इतक्या साचलेल्या असतात की नदीनं हिरवी चादर घेऊन सुट्टी टाकली असावी असं वाटतं. पुढचा रस्ता मोटारीच्या नव्हे, तुमच्या मणक्यांच्या परीक्षेचा. मिसळ वाटेत खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही.

या ऑक्टोबरात ताई आणि मी मिसळ खात होतो तिथे शेजारच्या टेबलावरच्या शेतकऱ्यानं ताईची दुर्बीण पाहून विचारलं, "पक्षी बघायला का, मावशी?"

"नाही, किडे."

"किड्यांसाठी एवढ्या लांब? माझ्या द्राक्षावर या की, पाहिजे तेवढे दाखवतो."

ताई हसली. वर्षभरात तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तिनं वही उघडली, तारीख घातली आणि 'नर' लिहून पुढे जागा सोडली. "पाऊस चांगला झालाय," ती म्हणाली, "पन्नास तरी असतील."

तळ्यापाशी गाडी थांबली. मला आधी वाटलं, रस्ता चुकलो.

गवत नव्हतं. लव्हाळ्या नव्हत्या. चारी काठ तासून सरळ केलेले, त्यावर चुन्याच्या पट्ट्या, मधे बशीत ओतलेल्या चहासारखं उघडं तपकिरी पाणी. प्रवेशाला कमान. ताई गाडीतून उतरली नाही. नवा गुडघा दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

तेवढ्यात मोटारसायकलवरून रंगनाथअण्णा आले. गावचे सरपंच. मला ओळखलं, कारण ब्लॉगवरचा माझा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता.

"साहेब! तुमचीच वाट बघत हुतो. तुम्ही लिवलं आन् गावाची लय इज्जत गेली बघा. लेकींच्या सासरपर्यंत मेसेज गेला. मग म्हनलं, आता सोडायचं नाय. चार रविवार श्रमदान, घरटी एक मानूस. जेसीबी माझा सवताचा."

"गवत?" ताईनं काचेतून विचारलं.

"एक काडी ठिवली नाय, मॅडम. डासांसाठी गप्पी मासे बी सोडलेत."

"डास कमी झाले?"

अण्णा जरा अडखळले. "त्येच कळंना. वाढल्यावानी वाटत्यात."

डास खाणारे चतुर हवेतही होते आणि पाण्यातही; गवताबरोबर तेही गेले. चतुराची पिल्लं गवताच्या मुळाशी डासांच्या अळ्यांवरच वाढतात. हे मला ताईनं नंतर सांगितलं. अण्णांना सांगितलं नाही. कसं सांगणार? ते पिशवीतून शाल आणि नारळ काढत होते. माझ्यासाठी.

शाल माझ्या खांद्यावर घालून ते ताईकडे वळले. "मॅडम, तुम्ही इतकी वर्सं येता, पन कधी बोलला नाय तळं घान हाय म्हनून. साहेबांनी येका दिवसात सांगितलं."

"मला कधी घाण दिसलंच नाही, भाऊ," ताई म्हणाली.

मी आयुष्यभर लोकांना टोचून बोलण्याचं काम केलंय. इतकं मऊ बोलून इतकं खोल टोचता येतं, हे मला माहीत नव्हतं.

ताई उतरली. काठी टेकत तिनं पूर्ण फेरी मारली; तासभर लागला. मी शाल घेऊन मागे. शेवटी पूर्वेकडच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, जिथे जमीन भुसभुशीत म्हणून जेसीबी शिरला नव्हता, तिथे अंगणाएवढं गवत उरलं होतं. एका पात्यावर तो बसला होता. काजळाची चार बोटं. एकटा. ताई बराच वेळ उभी राहिली. दुसरा आला नाही.

"ह्यो कोपरा राहिलाय," अण्णा मागून ओशाळून म्हणाले. "दिवाळी झाली का तिथं बी काठाला दगड बसवून पिचिंग करून टाकू."

परतताना चांदोरीला ताईनं वहीत आकडा लिहून ती माझ्याकडे दिली. मग म्हणाली, "चूक माझीही आहे. कॅमेरेवाले जमतील म्हणून मी गावात कुणालाच सांगितलं नाही, इथे काय आहे ते. आठ वर्षं. तू निदान बोललास."

घरी येऊन मी जुनी पोस्ट काढून टाकली. त्यानं एक काडीही उगवत नाही, म्हणून अण्णांना फोन लावला. चतुराचं सगळं सांगितलं, जमेल तितकं साधं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग आदीच का नाय सांगितलं हो? आन् आता कोपरा घान ठिवला, तर परत तुमीच लिवाल."

पुन्हा तसं लिहिणार नाही, असा मी फोनवरच शब्द दिला.

"फोनवर नगं, साहेब. गावानं लिवलेलं वाचून केलंय. आता लिवूनच द्या, मिटिंगीत दाखवाया."

ताईची वही माझ्या टेबलावर आहे. नर: एक. शाल खुर्चीवर पडली आहे. बायको कपाटात ठेवू का विचारते, मी नको म्हणतो.

तर अण्णा, लिहून देतो. तळं घाण नव्हतं. मला बघता आलं नाही आणि मी हसलो. बाभळीखालचा कोपरा आहे तसा राहू द्या, दगड लावू नका. बाकीच्या काठाला गवत आलं तर उपटू नका. मिटिंगीत हे माझ्या नावानिशी मोठ्यानं वाचा.