ट्रायलला बसणारी

माझ्या थोरल्या बहिणीचा निम्मा संसार एका फिरत्या स्टुलावर झाला, आणि तोही दुसऱ्यांच्या जागी बसून. भावोजींचा फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर, मग पडदा, पडद्यामागे दिवे आणि त्याच्याही मागे दोन खोल्यांचं घर. रोलच्या काळात फुकटचे फोटो परवडत नसत. डिजिटल आलं तशी ताईची ड्युटी लागली. गिऱ्हाईक आरशासमोर केस विंचरत असलं की भावोजी आतल्या दाराकडे तोंड करून म्हणायचे, "अगं, जरा ये." ताई हात पुसत यायची, स्टुलावर बसायची, फोटोत रंग खरे यावेत म्हणून पांढरा कागद गालाशी धरायची. भावोजी दिवा सरकवायचे, लेन्स बदलायचे, एक फोटो काढायचे, बघायचे आणि पुसून टाकायचे. "आला का उजेड बरोबर?" असं विचारून ताई उठायची, आणि तिने गरम केलेल्या स्टुलावर कुणी वकील नाहीतर नवरी बसायची.

एरवी ताईइतकं हसणारं माणूस मी पाहिलेलं नाही. नकला करायची, स्वतःच्याच नकलेवर हसायची, आणि हसायला लागली की शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबायचं. पण स्टुलावर बसली की चेहरा मख्ख. बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखा. घरच्या समारंभातही ही बाई फोटोत नसायची, दिवा धरून बाजूला उभी असायची. आमच्या मोबाइलमध्ये ती आहे, पण पाठमोरी, नाहीतर तोंडापुढे हात आडवा केलेली.

मागच्या वर्षी भावोजींच्या खांद्याने असहकार पुकारला. जुना कॅमेरा विटेसारखा जड, म्हणून त्यांनी बिनआरशाचा नवा घेतला. मिररलेस म्हणतात तो. इवलासा, पण लेन्सा सगळ्या बदलता येतात. घोळक्यासाठी वेगळी, नुसत्या चेहऱ्यासाठी वेगळी. भावोजी त्याला तान्ह्या बाळासारखे जपायचे. ताईला मात्र तो आवडला नाही. जुना कॅमेरा आतला आरसा उचलताना खटॅक करायचा, त्या आवाजावर ही उठायची. हा नवा अगदी मुका. ही बसूनच. "अहो, काढलात की नाही?"

त्यात आणखी एक भानगड होती. त्या कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच दिसतं. म्हणजे ट्रायलची गरजच संपली. ताईच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिने विचारलं, "मग मला कशाला बोलावता?"

"सवय," भावोजी म्हणाले.

याहून गोड शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

मग ताईचं दुखणं निघालं. पोटातलं, आणि उशिरा कळलेलं. डॉक्टरांनी भावोजींना एकट्याला आत बोलावलं आणि फार दिवस धरून चालू नका म्हणाले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून ताईला सगळं समजलं. तीच त्यांना म्हणाली, "चला घरी, चहा करते."

मला गप्प बसता येत नाही. मी स्टुडिओत जाऊन उभी राहिले. "भावोजी, जगाचे फोटो काढलेत. हिचा एक तरी धड आहे का घरात? अजून अंगावर थोडं मांस आहे, अजून हसते. हसणारा काढा, आत्ताच काढा. नंतर आम्ही काय बघायचं?" एवढं बोलून मीच रडायला लागले. भावोजी उठले आणि कॅमेऱ्याला चेहऱ्याची लेन्स लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. ताईने निळा स्वेटर घातला, मी तिचे केस विंचरले. ती स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या हात लांब करून पांढरा कागद उचलला, गालाशी धरला. मी तो ओढून घेतला. भावोजींनी फोटो काढला. मख्ख. आणखी एक. मख्ख. ताई उठायलाच लागली, "झालं ना? बोलवा आता कोण आहे त्याला."

"अगं बाई, तूच आहेस!" मी ओरडले.

ती परत बसली. मी भावोजींच्या मागे उभी होते. ते घामाघूम झाले होते, आणि त्या गोंधळात गिऱ्हाइकाला म्हणायचं वाक्य बायकोलाच म्हणून गेले, "श्वास सोडू नका हं, मी सांगेपर्यंत."

"हे तेवढं तिच्याकडून लिहून घ्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

मी जीभ चावली. आणि ताई हसली. आधी नाक फेंदारलं, मग मान मागे गेली, पडलेल्या दाढेची जागा दिसली, डोळ्यांतून पाणी आलं. अगदी पूर्वीची ताई. भावोजींनी बरोबर त्याच वेळी बटण दाबलं. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला, फोटो मोठा करून डोळ्याचा फोकस बघितला, मान डोलावली आणि पुसला.

मुद्दाम कसं करतील? ताईचा चेहरा कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला की पुसायचा, एवढंच त्या अंगठ्याला इतकी वर्षं ठाऊक. भावोजी पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भराभर फोटो काढायला सुरुवात केली, एकामागून एक. ताई हसायचा प्रयत्न करत होती आणि ते बघवत नव्हतं. नंतर पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या बाजारातल्या एका माणसाने कॅमेऱ्यातलं कार्ड तपासलं. पुसलेल्या फोटोच्या जागेवर हे नंतरचेच येऊन बसले होते.

आम्ही ताईला आत नेऊन झोपवलं. भावोजी दारातच उभे.

"अहो, एवढं काय मनाला लावून घेताय," ती म्हणाली. "चांगला आला होता ना? सांगा की, कशी दिसत होते?"

"उजवा डोळा," भावोजी म्हणाले, "एकदम शार्प होता."

"आणि बाकीची मी?"

"बाकीचं बघायचं राहिलं गं." आणि तो घुमा माणूस तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ताईला जाऊन आता बरेच महिने झाले. भिंतीवर तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ती पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसते. भावोजी त्याच्याकडे बघत नाहीत. माझ्याकडे येतात. चहा झाला की विचारतात, "तू बघितलंस ना? कशी हसली होती ती?"

पहिल्यांदा मी फाडकन बोलले, "तुमच्याच तर समोर हसली!" त्यांनी मान खाली घातली. तेव्हापासून मी सांगते. नाक, मान, दाढ, डोळ्यांतलं पाणी, सगळं क्रमाने. ते डोळे मिटून ऐकतात.

परवा मध्येच त्यांनी विचारलं, "हात कुठे होते तिचे?"

मी आठवायला लागले. ताई दिसेना. दिसत होते ते माझेच शब्द, रोज सांगून गुळगुळीत झालेले.

"मांडीवर," मी म्हणाले. "दोन्ही हात मांडीवर होते."

"असं होय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. पुढच्या वेळीही मांडीवरच सांगायचं, हे मी पक्कं लक्षात ठेवलं.