माझ्या वाट्याचं मोहाचं झाड
मोहफुलांचा आंबूस गोड वास आला की ती रिकामी शाळा आठवते. सालेकसा तालुक्यातलं जंगलातलं गाव, नोकरीचं पहिलं वर्ष, पर्समध्ये बदलीचा अर्ज आणि गावाला त्याची कुणकुण. पोरं पहाटेच मोह वेचायला जायची आणि मी चार भिंतींत घुसमटायचे. एक दिवस चिडून फळाच उचलला, जंगलात गेले आणि झाडाखाली पाढे घेतले. तिथे मोह वेचायला प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. आठवड्याने एका मुलीच्या आईने मला एका झाडापाशी नेलं. "हा झाड तुमचा, म्याडम. आता कायले जाता गाव सोडून?" मी हसले. अर्ज पर्समध्येच विरला. इतक्या वर्षांनी आज सकाळीही, पडलेली फुलं वेचता यावीत म्हणून, शाळेआधी मी माझ्या झाडाखालचा पाचोळा झाडून आले.