भिंग पहिल्यांदा पडलं ती तारीख

ताप उतरून महिना झाला आणि घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग पडलं. हे भिंग हाताने धरायचं नसतं. भुवई आणि गाल यांच्यामध्ये, नुसता डोळा आवळून ते टिकवायचं असतं. एकतीस वर्षांत ते पडलं नव्हतं. घड्याळजींनी दोष भिंगाला दिला; कड झिजली असणार म्हणून नवं आणलं. तेही पडू लागलं तेव्हा कडेला कापडी पट्टी चिकटवली. सकाळी सगळं ठाकठीक असे, दुपार कलली की भिंग टेबलावर. घामाने सरकत असेल, असं म्हणून त्यांनी तिसरं आणलं.

बायकोने वेगळंच पाहिलं. जेवताना म्हणाली, "अहो, या वयात डोळा कुणाला मारताय?"

"तुलाच. दुसरं कोण बघतंय माझ्याकडे?"

दोघं हसली. मग तिने आरसा आणून दिला. डावी पापणी अर्धी मिटली होती आणि काही केल्या उचलली जात नव्हती.

डॉक्टरांकडे मुलगी सोबत गेली. मज्जातंतूकडून निरोप येतो, पण तो घेणाऱ्या स्नायूवरच्या जागा शरीराची स्वतःचीच संरक्षण-यंत्रणा निकामी करते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून स्नायू वापरला की थकतो, विश्रांतीने थोडा सावरतो.

"फेब्रुवारीतल्या तापाने झालं का?" मुलीने विचारलं.

"असू शकतं. विषाणूशी लढायला उठलेली यंत्रणा कधी कधी आपल्यावरच उलटते. पण यांच्या बाबतीत तसंच झालं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आता औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होईल, सर्दी-तापवाल्यांपासून जपा."

मुलीने पहिले दोन शब्दच ऐकले. फेब्रुवारीत ताप आधी तिच्या पाच वर्षांच्या पोरीला आला होता. रजा मिळेना म्हणून तिने पोरीला तीन दिवस आईवडिलांकडे ठेवलं. नात आजोबांच्या कुशीतून हलली नाही. चौथ्या दिवशी आजोबा तापाने फणफणले.

"मीच आणून टाकलं हे तुमच्या अंगावर," घरी आल्यावर ती म्हणाली.

घड्याळजींना हे आजारापेक्षा जास्त लागलं. बारीक काम हातचं गेलं होतं, ते त्यांनी कसंबसं मान्य केलं. पण लेकीच्या मनातलं हे खूळ काढायचंच, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा, अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "अगं, तापाच्या आधीपासूनच होतं हे मला. सांगितलं नाही इतकंच."

मुलीने हातातला कप खाली ठेवला. "खरंच, बाबा?"

"मग काय! विचार हिला."

बायको खोटं क्वचितच बोलायची. तिने होकाराची मान हलवली.

"आधी म्हणजे कधीपासून?"

दुसरा कुणी म्हणाला असता, झाले असतील पाच-सहा महिने. पण दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआत दिवस, महिना, वर्ष सुईने कोरण्यात या माणसाचा जन्म गेला होता. विचारलेली तारीख त्यांच्या तोंडून आपोआप निघाली.

"अठरा मार्च. शाळेतल्या बाईंचं घड्याळ उघडलं होतं, तेव्हा पहिल्यांदा..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले. बायकोने उगाचच कप उचलले.

"मार्च," मुलगी म्हणाली. "ताप फेब्रुवारीत होता, बाबा."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती वडिलांच्या पाया पडली आणि निघून गेली.

ती अजूनही दर रविवारी येते, एकटी. दारातच साबणाने हात धुते, वडिलांच्या गोळ्या मोजते, लांबच्या खुर्चीवर बसते.

"पोरीला आण की गं," घड्याळजी म्हणतात. संध्याकाळी त्यांचा आवाज नाकात जातो, शब्द अर्धे कळतात. हे मात्र तिला दर वेळी कळतं.

"सर्दी झालीये तिला, बाबा."

पाच महिने झाले, पोरीची सर्दी बरी झालेली नाही.