तीन आकड्यांचा विस्तव

वेड्या बाभळीचा कोळसा पाडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. शाळा दुसरीपर्यंत. पण विस्तवातलं मला कुणी शिकवू नये. रांजणगावला जपानी साहेबांसाठी हॉटेल निघालं, तिथला जपानी आचारी माझा कोळसा घेऊ लागला, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "शेगडीवर मी बसतो."

शेगडी म्हणजे लांबट, अरुंद पेटी. जाळ नाही, धूर नाही, नुसते निखारे. कोंबडीचे तुकडे काडीला ओवून वर ठेवायचे, हातपंख्यानं वारा घालायचा. ताव तळहातानं बघायचा. निखाऱ्यांवर हात धरून मोजायचं, तीनला चटका बसला की काड्या मांडायच्या. भट्टीवरही मी हातच धरायचो, म्हणून आमचं जमलं. तो विचारायचा, "आबासान, कितना?" मी म्हणायचो, "तीन." दोन वर्षं दुसरं बोलणं नव्हतं.

मग साखरेच्या आजारानं हात बधिर झाले. कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी आठपर्यंत मोजलं तरी काही लागेना. विस्तव पडला समजून कोळसा घातला, वारा घातला. काड्या बाहेरून काळ्या, आत कच्च्या. कोळसा सादळलाय अशी थाप मारली. स्वतःच्या मालाला आयुष्यात पहिल्यांदा नाव ठेवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी नऊ म्हणत होतो, तेव्हा आचाऱ्यानं मनगट धरून माझा हात बाजूला केला. तळहाताला फोड आला होता. मला वास तेवढा आला.

"हात मेरा, आबासान. गिनती आपकी," म्हणून त्यानं आपला हात निखाऱ्यांवर धरला.

"दुसऱ्याच्या हातानं मी विस्तव बघत न्हाई," मी म्हणालो. पंखा ठेवला आन् निघालो. एसटीत खिडकीला बसून घरी आलो. वाईट वाटलं का, असं सून विचारते. नाही वाटलं. काहीच वाटलं नाही.

आता कोळसा पोरगा पोचवतो. परवा म्हणाला, "आबा, त्यो आचारी शेगडीपुढच्या तुमच्या पाटावर कुणाला बसू देत न्हाई."

"उन्हात ठिव म्हणावं पाट. ढेकूण हुतील."

सकाळी चुलीपुढं बसतो. निखारे ओढतो, हात धरतो, मोजतो. सून मागून येऊन मनगट ओढते, "मामा, पुरं."

कितीवर ओढते तेवढा ताव, असं ध्यानात ठेवतो. काल पाच. आज चार.