अक्षराचं बक्षीस

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात वर्षातला एक दिवस विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा आणि कलेचा असायचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी तिथे बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावातल्या विहिरींचा नकाशा लावला. प्रत्येक विहिरीखाली लिहिलं, इथे कोण पाणी भरतं आणि कुणाला भरू देत नाहीत. आम्ही बौद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी माझी आई मोठ्या विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभी राहायची. तेही लिहिलं.

प्रमुख पाहुणे नकाशासमोर बराच वेळ थांबले. सगळं वाचलं. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, “अक्षर काय सुंदर आहे मुलाचं.”

मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं, फाउंटन पेन. त्या माणसाची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझी आली. मी वाकून ‘आभारी आहे’ म्हणालो होतो.

घरी बाबांनी पेन उलटंपालटं करून पाहिलं. “कायचं भेटलं हे?”

“अक्षराचं.”

“अन् विहिरीचं काय म्हनले?”