पिरिवुचा विमा

विमा, गृहकर्ज आणि बहिणीचा नवरा, एवढं एका वाक्यात आलं की तुम्ही सरसावून बसणार. आता कोणीतरी मरणार! कोणी मरत नाही. भावोजी कोइमतूरला ठणठणीत आहेत, सकाळी जिमला जातात, तिथले फोटोही टाकतात. आमची अडचण तीच होती. ते मेले नव्हते, नुसते गेले होते.

अक्का शाळेत गणित शिकवते. भावोजी पंपसेटच्या कंपनीत सेल्सला. लग्नानंतर दोघांनी मेडिकल कॉलेज रोडला फ्लॅट घेतला आणि कर्ज दोघांच्या नावावर काढलं. भावोजींचा पगार मोठा, म्हणून हप्ता त्यांच्या खात्यातून जायचा आणि घरखर्च अक्का चालवायची.

सह्या व्हायच्या आधी बँकेने विम्याचा एजंट आमच्या घरी पाठवला. मला तो माणूस फार आवडला. नाकातून बोलायचा, आणि समोर बाई असली तरी वाक्याच्या शेवटी "सर"चं "सार" लावायचा. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून त्याची स्कूटर बाहेर पडायच्या आत मी त्याचा आवाज उचलला होता.

आईला या जावयाची पहिल्यापासून धास्ती. पण जावई समोर बसलेला असताना "हा पळून गेला तर?" असं कसं विचारणार? अशुभ, आणि वर अपमान. म्हणून तिने घरातली मराठी सोडून गावच्या तमिळमध्ये, अगदी गोड आवाजात विचारलं, "पिरिवु आला तर?"

आता पिरिवु म्हणजे ताटातूट. नवरा-बायको वेगळे झाले तर तो पिरिवु. आणि कागदपत्रातलं कलम, तेही पिरिवुच. एजंट कागद चाळत म्हणाला, "सगळे पिरिवु यात आहेत सार. एकही सुटलेला नाही." भावोजीही मान हलवत होते, त्यांना कलमच वाटलं असणार. आईने एजंटला दुसऱ्यांदा कॉफी आणून दिली.

पुढे हा सगळा प्रसंग मी आवाजांसकट कितीतरी लग्नांत करून दाखवला. लोक हसायचे. आई एक विचारतेय आणि तो भलतंच सांगतोय, हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग भावोजी गेले. भांडण कशावरून, ते दोघं सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. काही दिवसांनी हप्ता परत गेल्याचा मेसेज अक्काच्या फोनवर आला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

"घाबरू नकोस गं," आई म्हणाली. "पिरिवुला विमा आहे. माझ्यासमोर सांगितलंय त्याने."

अक्का गणिताची बाई. तिने कागद वाचायला हवे होते. पण त्या दिवसांत तिला कोणीतरी "घाबरू नकोस" म्हणायला हवं होतं आणि आई ते खात्रीने म्हणत होती. मला बरोबर घेऊन ती बँकेत गेली. काउंटरला चष्मेवाल्या मॅडम होत्या.

"मॅडम, आमचा पिरिवु झालाय," अक्का हळूच म्हणाली. "विम्यातून काय मिळेल?"

"कुठला पिरिवु?"

"आमचाच."

"नंबर सांगा."

"पहिलाच," अक्का म्हणाली.

मी हसू दाबत पाण्याच्या फिल्टरकडे पळालो. परत आलो तेव्हा मॅडमनी कीबोर्ड बाजूला सारला होता. त्यांना कळलं होतं. त्या सावकाश समजावत होत्या. कर्जाचा हा विमा माणूस गेला तर उरलेलं कर्ज फेडतो. गेला म्हणजे वारला. घर सोडून गेला तर नाही.

"आणि कर्ज दोघांचं आहे," त्या म्हणाल्या. "कोण कोणाला सोडून गेलं ते बँक बघत नाही. एकाने नाही भरलं तर पूर्ण हप्ता दुसऱ्याकडून. अर्धा नाही."

अक्काने थोडा विचार केला. "म्हणजे ते मेले तर फ्लॅट माझा, आणि जिवंत असले तर कर्ज माझं?"

"आम्ही असं तोंडावर म्हणत नाही. पण हो."

"आणि मी मेले तर?"

"काही नाही. विमा त्यांच्या एकट्याच्या जिवावर आहे."

मला आता हसू येत नव्हतं. मॅडमनी रस्ताही सांगितला. भावोजींनी येऊन सही करावी, फ्लॅटवरचा हक्क सोडावा. मग मुदत वाढवून कर्ज अक्काच्या एकटीच्या पगारावर बसेल, जेमतेम. विमा तिच्या नावाने नवा घ्यायचा. पण अजून एक हप्ता चुकला तर नोटीस जाईल आणि मग हे कोणी करून देणार नाही.

म्हणजे फक्त एक फोन करायचा होता.

"मी करणार नाही," अक्का बाहेर आल्यावर म्हणाली. "ते गेलेत. त्यांनी करावा."

"अगं फ्लॅट जाईल."

"जाऊ दे."

जाऊ दे म्हणाली खरी, पण संध्याकाळी त्या फ्लॅटच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मग मी मित्राचा फोन घेतला आणि एजंट झालो. नाकातून, तमिळमध्ये. "सार, हप्ता चुकला की तुमचाही क्रेडिट स्कोअर पडतो सार. उद्या कोइमतूरला गाडीसाठी लोन मागाल, कोण देणार सार? येऊन सही करा, मोकळे व्हा सार." यातलं खोटं काहीच नव्हतं, आवाज सोडून. भावोजींनी दोन-चार प्रश्न विचारले, मॅडमनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं. फ्लॅटला फार वर्षं झाली नव्हती, फेडलं होतं ते बहुतेक व्याजच, म्हणजे हक्क सोडून त्यांचं फार काही जाणार नव्हतं. तेही त्यांना पटलं.

"बरं, शनिवारी येतो," ते म्हणाले.

मी इतका खूश झालो की तोंडातून आपोआप निघालं, "बरं, ठेवतो भावोजी."

तेही मराठीत! मग ते म्हणाले, "ठेवा सार," आणि फोन कट झाला.

शनिवारी ते बँकेत आले. सह्या केल्या, हक्कसोडीची तारीखही ठरवली. मॅडमनी "नक्की ना?" म्हणून तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाले. जाताना अक्काला म्हणाले, "तुझा एजंट चांगला आहे. मला भावोजी म्हणतो." आणि हसत पायऱ्या उतरले.

ते गेटबाहेर जाईपर्यंत अक्काही हसत होती. मग तिने मला पार्किंगमधल्या बाकावर बसवलं.

"मूर्खा, त्यांना वाटलं मी शेजारी बसून तुला बोलायला लावलं! आता बस सुटेपर्यंत हसतील. माझ्याजवळ एवढं एकच उरलं होतं, की मी मागितलं नाही. तेही तू देऊन आलास, वर सार सार करत!"

"फ्लॅट तर राहिला ना अक्का."

"राहिला. मला कळतं राहिला ते, म्हणून अजून मारलं नाही तुला. विमा आता माझ्या जिवावर आहे, आणि नॉमिनी म्हणून तुझं नाव घातलंय. परत असला फोन केलास तर आत जाऊन खोडून येईन. आईला यातलं काही सांगायचं नाही. कुठल्या लग्नात करून दाखवायचं नाही. आणि मी बोलतेय तेव्हा माझ्यासारखं तोंड करू नकोस, दिसतंय मला!"